पोतारलेली भिंत

दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पूर आलेला असतो, आणि आठवड्याभराने पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात बातमी असते की पूरग्रस्तांना इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला मुदतवाढ मिळाली. लोक ती वाचून पान उलटतात. कोणी म्हणतं, बरं झालं, सरकारला तेवढी तरी दया आली. माझं मात्र डोकं सणकतं. चहा पिता पिता मी जी सुरू होते ती नवरा पेपर हातातून काढून घेईपर्यंत थांबत नाही. ‘अगं, किती वर्षं झाली त्याला,’ असं तो म्हणतो. झाली असतील. राग काय दूध आहे, ठेवला की नासायला?

मुदतवाढीला माझा विरोध नाही, द्यावी की. माझा राग आहे तो त्या बातमीच्या शेपटाला लावलेल्या ओळीवर. ‘योग्य तो दाखला सादर केल्यास.’ त्या ओळीने आमच्या घराचं काय केलं ते सांगते.

आम्ही तेव्हा सुरतेत राहत होतो, पर्वत पाटियाच्या पुढे, खाडीला लागून असलेल्या एका सोसायटीत. सोसायटी म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन ओळी आणि मधे जेमतेम टेम्पो शिरेल एवढी गल्ली. घरं सगळी खानदेशातली. कोणी अमळनेरकडचं, कोणी शिंदखेड्याचं, कोणी नंदुरबारचं. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि शाळेत बाई रागावल्या की मराठी, असा सगळा कारभार होता. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी उधन्यात दुसऱ्याच्या कारखान्यात कापड विणण्यात घालवली आणि मग चार जुने साचे स्वतःचे घेतले. सुरतेत मागाला साचा म्हणतात. घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत साचे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. साचे चालू असले की घरात एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागायचं. माझ्या आवाजाबद्दल सासरचे लोक जे बोलतात त्याचं कारण ते आहे, भांडखोरपणा नाही. म्हणजे भांडखोरपणाही आहे, पण तो नंतर आला, आणि तोच आता सांगायचा आहे.

आबांना साच्यांइतकाच अभिमान होता तो रिटर्न भरण्याचा. आमच्या गल्लीत रिटर्न भरणारं घर एकच, आमचं. दर वर्षी ऑगस्ट संपायच्या आत ते इस्त्रीचा शर्ट घालून रिंग रोडवर टॅक्सच्या वकिलाकडे जायचे. आमच्यावर टॅक्स तो काय डोंबलाचा बसणार! वकील हसून म्हणायचा, ‘काका, तुम्ही नाही भरलंत तरी तुम्हाला कोणी विचारायला येणार नाही.’ आबा म्हणायचे, ‘ना का येईना. मी आता कारीगर नाही, कारखानदार आहे.’ पावती घरी आली की आधी देवापुढे, मग लोखंडी पेटीत. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला गुजराती लिहिता-वाचता यायचं, म्हणून त्यांच्याबरोबर वकिलाकडे जायचं काम माझं होतं.

आई, म्हणजे आमची माय, हिला टॅक्सचं सोयरसुतक नव्हतं. तिला वेड स्वच्छतेचं. साच्यांची खोली म्हणजे तेल, धाग्यांचा कचरा, हवेत उडणारे तंतू. पण माय त्या खोलीची फरशी अशी ठेवायची की कोणी खाली बसून जेवलं असतं. खरोखर जेवायचेच लोक, वर्षातून एकदा, कानबाईला.

कानबाई आमची खानदेशची. श्रावणात नागपंचमी झाली की त्यानंतरच्या रविवारी ती बसते. नारळाला नथ घालायची, डोळे लावायचे, साडी-चोळी नेसवायची, आणि सगळे भाऊबंद त्या एका घरी गोळा होऊन प्रसादाचे रोट खातात. आमच्या भाऊबंदांत कानबाई आमच्या घरी बसायची, कारण सगळे मावतील एवढी खोली आमच्याकडेच होती. त्या दिवशी साचे बंद. साच्यांना हळदकुंकू, मधल्या मोकळ्या जागेत चौरंग, आणि बायकांची गाणी सकाळपर्यंत. पण एक अट असते. कानबाई न पोतारलेल्या घरात बसत नाही. भिंतींना चुन्याचा पोतारा दिल्याशिवाय चौरंग मांडायचा नाही, मग घरात आजारपण असो की लग्न असो. खानदेशातल्या कुठल्याही बाईला विचारा.

त्या वर्षी कानबाई चार-पाच दिवसांवर आली असताना खाडी चढली. आमची ही खाडी म्हणजे समुद्राची नव्हे, बाहेरून येऊन शहरातून वाहणारा मोठा नाला, पण सुरतेत त्याला खाडीच म्हणतात. तापीला पूर आला की टीव्हीवाले धावतात. खाडी चढली की ज्यांच्या घरात शिरते त्यांनाच ती दिसते. पाणी आधी मोरीतून वर आलं, मग उंबऱ्यावरून आलं, मग आम्ही गच्चीवर पळालो. तिथून मायने हाक मारून विचारलं, ‘साचा?’ आणि आबांनी नुसती मान हलवली. साच्याची मोटर खाली, पायाशी असते.

पाणी उतरल्यावर आत गेलो तर घोट्याएवढा काळा गाळ, कुजका वास, मेलेले उंदीर. साच्याच्या बीमवर गुंडाळलेलं सूत चिकटून गोळा झालेलं, विणलेले ताके गाळाने जड. आबांची लोखंडी पेटी पाण्याने भरलेली आणि आत बिलांचा लगदा. आणि भिंतीवर माझ्या कमरेच्याही वर एक काळी रेघ, पट्टीने मारल्यासारखी सरळ, तिन्ही खोल्यांतून फिरलेली. पाणी कुठवर आलं होतं ते ती रेघ सांगत होती.

माय उंबऱ्यात उभी राहिली, रेघेकडे बघितलं आणि म्हणाली, ‘माय वं! रविवार तोंडावर उना नं!’ तिला साचे दिसले नाहीत असं नाही. पण साच्यांचं तिला काही करता येण्यासारखं नव्हतं आणि भिंतीचं होतं.

मग गल्लीतल्या सगळ्या बायका पदर खोचून कामाला लागल्या. गाळ पाट्यांनी बाहेर, फरशा विटेच्या तुकड्याने घासलेल्या, भिंती धुतलेल्या. आबांनी साच्यांच्या मोटारी काढून, आतली तार नव्याने गुंडाळून घ्यायला उधन्याला रिवाइंडिंगवाल्याकडे पोचवल्या, कुजलेलं सूत आणि ताके हातगाडीवर घालून फेकून आले, आणि येताना सायकलला चुन्याची पिशवी अडकवून घेऊन आले. हे लक्षात ठेवा. चुना आबांनी आणला. बादलीत त्यांनीच भिजवला, त्यांनीच कालवला, आणि मायने पोतारा दिला. एकावर एक हात दिले तेव्हा कुठे ती काळी रेघ गेली. रविवारी सगळी गल्ली पांढरीफेक होती. कानबाई बसली, रोट झाले, भाऊबंद जेवले, आणि मोठे काका, म्हणजे आबांचे थोरले चुलतभाऊ, मायला म्हणाले, ‘पूर येऊन गेला असं कोण म्हणेल!’ माय खूश झाली. त्या वाक्याचं पुढे काय होणार आहे हे तिला कुठून कळावं?

पंधरवडा गेला आणि रिटर्नची तारीख जवळ आली. बिलांचा लगदा आम्ही कागद कागद सोडवून, धाग्याच्या दोऱ्या बांधून, चिमट्यांनी साच्यांवर वाळत घातला होता. अर्धी अक्षरं गेलेली, हिशेब नव्याने जुळवायला वेळ हवा होता. वकील म्हणाला, ‘काळजी करू नका. खाडीवाल्यांना मुदतवाढ आहे. फक्त सर्व्हेचा दाखला लागेल, की तुमच्याकडे पाणी शिरलं होतं.’ एवढंच ना, असं आम्ही म्हणालो. कमरेच्या वर पाणी होतं, मेलेले उंदीर पाट्यांनी काढले होते. दाखल्याचं काय एवढं!

आणि रिटर्न त्या वर्षी नुसतं मिरवायचं नव्हतं. मोटारी जळाल्या होत्या, रिवाइंडिंगवाला पैसे दिल्याशिवाय त्या सोडणार नव्हता, आणि घरात होतं ते सूत-ताक्यांबरोबर गेलं होतं. बँकेचा मॅनेजर कर्ज द्यायला तयार होता. पण त्याला या वर्षीच्या रिटर्नची पावती हवी होती, आणि ती मुदतीतली हवी होती. उशिराची चालणार नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘बेन, उशिराचं रिटर्न म्हणजे धंद्यात गडबड, असंच वरचे लोक धरतात.’ म्हणजे दाखला मिळाला तर मुदतवाढ, मुदतवाढ मिळाली तर पावती, पावती आली तर कर्ज, आणि कर्ज झालं तर साचे चालू. आबांनी ही साखळी मला रस्त्यात दोनदा म्हणून दाखवली. ते घाबरले होते.

सर्व्हेवाले साहेब आले. बरोबर एक पट्टेवाला, हातात पॅड. साहेब तरुण होते, बूट चकचकीत. आम्ही खुर्ची पुसून दिली. मायने चहा ठेवला. साहेबांनी बूट काढले, कारण फरशी बघून त्यांना बूट घालून आत यायची लाज वाटली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग त्यांनी चारी बाजूंना मान फिरवली आणि म्हणाले, ‘अहीं तो बधुं चोख्खुं छे.’ इथे तर सगळं स्वच्छ आहे.

मी म्हटलं, साहेब, आम्ही साफ केलं. कमरेएवढं पाणी होतं.

‘निशाण?’

खूण होती, भिंतीवर रेघ होती, पण आमच्याकडे कानबाई असते म्हणून पोतारा दिला, असं मी सांगायला लागले. आबा मधेच हिंदीत बोलायला लागले, माय चहा घेऊन येऊन अहिराणीत. साहेबांनी हात वर केला. मोटारी कुठे आहेत? रिवाइंडिंगला. सूत कुठे आहे? फेकलं, वास मारत होतं. कापड? तेही फेकलं. साचे तर होते, पण मायने गंज काढून त्यांना तेलपाणी केलेलं, वर कानबाईचं हळदकुंकू. साहेब पट्टेवाल्याकडे बघून हसले. ‘पूर आव्यो के लगन?’ असं त्यांनी त्याला विचारलं, आणि तो मेला खो खो हसला. आमचा चहा पिऊन हसला.

मला तेव्हा काही सुचलं नाही. आज सुचतं. साहेब, पाणी शिरलेल्या घरात पंधरा दिवस माणसं गाळात बसून तुमची वाट बघतात, असं तुम्हाला वाटतं का? लेकरांना गाळात जेवू घालायचं? सरकारचा माणूस कधी उगवेल तोवर उंदीर जपून ठेवायचे?

गल्लीत सगळ्यांकडे हाच तमाशा. जिथे जाईल तिथे पांढऱ्या भिंती, रांगोळ्या, घासलेली भांडी. साहेब शेवटी वैतागले आणि पट्टेवाल्याला म्हणाले की हे लोक खोटं बोलतात. एकाच घराला दाखला मिळाला. ते घर कोपऱ्यावरचं, कुलूपबंद. तिथली माणसं कानबाईला गावी गेली होती ती अजून आली नव्हती. खिडकीतून आत गाळ दिसत होता आणि भिंतीवर आमच्यासारखीच काळी रेघ. त्या घरातला माणूस मिलमध्ये कामाला. त्याने जन्मात रिटर्न भरलं नव्हतं. तो गावाहून आला आणि हातात कागद घेऊन गल्लीभर विचारत फिरला, की ही कसली मुदतवाढ, मी कोणाचं काय देणं लागतो.

मी वकिलाकडे गेले. तो पंख्याखाली बसला होता. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. ‘अगं, एवढ्यात साफ कशाला केलं? आमचे शेठ लोक बघ. दुकान तिसऱ्या मजल्यावर, पाणी शिरलं तळघरात, वॉचमनच्या स्टुलापाशी. पण कागद हातात येईपर्यंत तळघराला झाडू लावू दिला नाही. मिळाला ना दाखला!’ हे तो कौतुकाने सांगत होता. मला म्हणाला, तुम्ही लोक भोळे. मी म्हटलं, भोळे नाही, आम्ही स्वच्छ आहोत. तो म्हणाला, तेच ते.

मग कागद आला. ‘अर्जदाराच्या जागेत पाणी शिरल्याची कोणतीही खूण आढळली नाही. भिंती कोऱ्या व पांढऱ्या आहेत.’ खाली साहेबांची सही. रिटर्न उशिरा गेलं. बँकेने हात वर केले. दिवाळीच्या आधी एक टेम्पो गल्लीत शिरला आणि साचे घेऊन गेला. आबा टेम्पोच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथून परत फिरले. महिन्याभरात ते पांडेसऱ्याला दुसऱ्याच्या कारखान्यात कारीगर म्हणून लागले. इस्त्रीचा शर्ट खुंटीवर राहिला.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एका संध्याकाळी आबा कामावरून आले, रिकाम्या खोलीत बसले, त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिले आणि मायला म्हणाले, ‘तुझ्या कानबाईने माझे साचे खाल्ले.’

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग परत चालू झाला. बोलले मी. चुना कोणी आणला, असं विचारलं. सायकलला पिशवी लावून कोण आलं, बादलीत काठी घालून कोणी ढवळला, आणि तुम्हाला त्या साहेबाला दोन शब्द सुनवता आले नाहीत, म्हणून बाईमाणसावर काढता होय? आबा उठून बाहेर गेले. पण त्यानंतर ते वाक्य घरात राहायलाच आलं. भाजी खारट झाली की साचे. वीज गेली की साचे. मोठे काका आले की त्यांच्यादेखत, ‘हिच्या पोताऱ्याने आम्हाला रस्त्यावर आणलं.’ आणि मोठे काका, ज्यांनी त्याच पोताऱ्याचं कौतुक केलं होतं, ते मान डोलावत चहा प्यायचे. माय काम करताना कानबाईची गाणी गुणगुणायची. ती बंद झाली. देवीवर खापर फुटलं होतं आणि फोडणारा तिचा नवरा होता. आबांचं दुःख मला कळत होतं, पण ते त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवलं, याची मला चीड होती. अजूनही आहे.

वर्ष फिरलं, श्रावण आला, आणि खाडी पुन्हा चढली. या खेपेला पाणी थोडं कमी, पण आलंच. पुन्हा गाळ, पुन्हा रेघ. साचे नव्हते म्हणून नुकसान असं काही नव्हतं. कानबाई पुन्हा तोंडावर. मी पाटी घेऊन आले, फडकं ओलं केलं, तर माय दारात आडवी उभी.

‘भितले कोनी हात लावानं नही.’

मला वाटलं तिला धक्का बसलाय. मी म्हटलं, अगं, कानबाई? ती म्हणाली, फरशी धू, भांडी घास, पण भिंत तशीच राहील. आणि तू जाऊन सर्व्हेचा अर्ज टाकून ये. मी म्हटलं, माय, आता अर्ज कशाला? पेपरात मुदतवाढ आली आहे, पण आपल्याला रिटर्न कुठे भरायचंय? आबांचा धंदा आहे कुठे? ती म्हणाली, ‘तू अर्ज टाक.’ माझी माय कधी हट्ट करत नसे. मी अर्ज टाकला.

रविवारी भाऊबंद आले आणि उंबऱ्यातच थबकले. धुतलेली फरशी, मांडलेला चौरंग, नथ घातलेली कानबाई, आणि तिच्या मागे भिंतीवर ती घाणेरडी काळी रेघ. बायका कुजबुजायला लागल्या. मोठ्या काकांनी तर आवाजच चढवला, की अशा घरात देवी बसवतात का, भाऊबंदांचं काही वाईट झालं तर कोण जबाबदार? आबा खाली मान घालून बसलेले. माय सगळ्यांसमोर म्हणाली, ‘तिले बी देखू द्या.’ देवीलाही बघू दे. आणि तिने रोटांचं ताट पुढे सरकवलं. सगळे जेवले. जेवायला कोणाला काही अडचण आली नाही.

आठ-दहा दिवसांनी साहेब आले. तेच साहेब. पट्टेवाला दुसरा होता. आबा त्या दिवशी पांडेसऱ्याला होते. साहेबांनी भिंत बघितली, जवळ गेले, रेघेवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मला वाटलं, आता तरी लिही बाबा. तर ते म्हणाले, ‘आ तो जूनो डाघ छे. गया वरसनो.’

मागच्या वर्षीचा डाग! मागच्या वर्षी डाग नव्हता म्हणून पाणी नव्हतं, आणि या वर्षी डाग आहे म्हणून तो मागच्या वर्षीचा. माझ्या तोंडाशी इतकं आलं की एकही शब्द धड बाहेर पडेना. तेवढ्यात माय आतून आली. तिच्या हातात तो कागद होता. तिने तो साहेबांच्या पॅडवर ठेवला. तिला गुजराती वाचता येत नव्हतं, पण मी तो घरात इतक्या वेळा वाचून संतापले होते की तिला पाठच झाला होता.

‘मांगला साल तुमीच लिखी ग्यात,’ ती म्हणाली. ‘भित कोरी शे. डाग नही. मंग हाऊ डाग मांगला सालना कसा?’

अहिराणी गुजरात्याला कळते, कान असले तर. साहेबांनी कागद वाचला. खालची सही वाचली. माझ्याकडे बघितलं, मी काही मधे बोलून त्यांची सुटका करते का म्हणून. मी का करू? मग ते म्हणाले, बेन, मागच्या वेळी मला जे दिसलं ते मी लिहिलं.

‘आज बी जे दिसस ते लिखा,’ माय म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. चहाचं तिने विचारलं नाही. आमच्या घरून कोणी चहाशिवाय गेल्याचं मला आठवतं ते एवढं एकदाच.

साहेबांनी लिहिलं. पोळा होऊन गेल्यावर दाखला आला. पाणी शिरल्याची स्पष्ट खूण आहे, अर्जदार पूरग्रस्त आहेत, मुदतवाढीस पात्र आहेत. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. ज्या कागदासाठी चार साचे गेले तो कागद, एक वर्ष उशिरा, ज्याला रिटर्नच भरायचं नाही अशा माणसाच्या नावाने. मला तो फाडून त्या साहेबाच्या तोंडावर फेकावासा वाटला. मायने तो माझ्या हातातून घेतला.

संध्याकाळी आबा आले. तिने तो त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. आबांना गुजराती सावकाश वाचता यायचं. त्यांनी ओठ हलवत वाचला, उलटा केला, परत सुलटा केला.

‘याचं आता काय करू मी?’

‘काही करू नका,’ माय म्हणाली. ‘तुमी वाचना ना, बस. पाणी मांगला साल बी उनं व्हतं. कानबाईनी काही खादं नही.’

वर्षभरात तिने त्या वाक्याला दिलेलं हे पहिलं उत्तर. आबांनी ताट पुढे ओढलं. जेवले, हात धुतला.

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. सकाळी सायकल घेऊन गेले आणि आले तर हँडलला चुन्याची पिशवी. बादलीत भिजवला, ढवळला. मायने सवयीने पोताऱ्याचा कुंचा उचलला तर त्यांनी तो तिच्या हातातून घेतला. पुरुषाने पोतारा दिलेला मी आमच्या गल्लीत त्याआधी पाहिला नव्हता. ते वरून खाली हात मारत आले, कपडे, डोकं, मिशा सगळं पांढरं, आणि रेघेपाशी येऊन थांबले. कुंचा बादलीत ठेवला. भिंतीला चिकटून उभे राहिले आणि ती रेघ स्वतःच्या अंगाशी कुठे लागते ते बघितलं. कमरेच्या खाली लागत होती. मग त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला, रेघेपासून वर, छातीच्या जरा खाली, आणि तो तिथेच ठेवून मायकडे बघितलं.

‘मागच्या साली इथवर होतं,’ ते म्हणाले.

मला त्यांच्याकडून माफी हवी होती. चारचौघांत, मोठ्या काकांच्या देखत, ज्या तोंडाने बोलले त्या तोंडाने. ती त्यांनी कधी मागितली नाही, आणि मी त्यांना त्यावरून कधी सोडलं नाही, त्यांच्या शेवटच्या वर्षापर्यंत. पण कागद माझा नव्हता, भिंत माझी नव्हती, आणि ते माझ्याकडे बघतही नव्हते.

माय त्यांच्या हाताकडे बघत होती.

‘हां,’ ती म्हणाली. ‘तठलोंग व्हतं. आते द्या पोतारा.’